दहा, डाउनिंग स्ट्रीट: एका दारामागची दोन घरं

ब्रिटनच्या पंतप्रधानांच्या घराचं दार टीव्हीवर पाहिलं नाही असा माणूस विरळा. काळं दार, त्यावर सिंहाच्या तोंडाची कडी, वर अर्धगोल काच आणि भोवती काळ्या विटांची साधीसुधी भिंत. देशाचा कारभार चालवणाऱ्याच्या घरासमोर उभं राहिल्यावर छाती दडपावी अशी आपली अपेक्षा असते. इथे तसं काही होत नाही. लंडनमध्ये अशा चेहऱ्याची दोन-अडीचशे वर्षं जुनी घरं गल्लोगल्ली आहेत. तरीही या दारामागे जवळपास शंभर खोल्या आहेत. मोठमोठे दिवाणखाने, तीस-चाळीस जण आरामात बसतील असं भोजनगृह, मंत्रिमंडळाच्या बैठकीचा लांबलचक हॉल, कार्यालयं, वरती राहण्याची जागा आणि मागे अर्धा एकर बाग. एवढा पसारा त्या चिंचोळ्या दर्शनी भागामागे मावतो कसा?

मावत नाही, हेच त्याचं उत्तर. ज्या घराचं ते दार आहे, ते घर या इमारतीचा लहानसा तुकडा आहे. खरी हवेली त्याच्या पाठीमागे आहे आणि तिचं तोंड दुसऱ्याच दिशेला आहे. दोन वेगळ्या मालकांनी, वेगळ्या हेतूनं बांधलेली घरं १७३० च्या दशकात एकमेकांना जोडली गेली. त्यानंतर पावणेतीनशेहून जास्त वर्षं या जोडकामाची डागडुजी चालू आहे. इंग्लंडमधलं शहरी घर कसं घडतं, त्याच्यावर कायद्यांचे, करांचे, धुराचे आणि भाडेकरूंचे कसे ठसे उमटतात, हे समजून घ्यायला यापेक्षा सोयीचं उदाहरण नाही.

आधी या घरांची जात समजून घेऊ. इंग्लंडच्या सरदार-जमीनदारांचं खरं घर गावाकडे असायचं. पार्लमेंटचं अधिवेशन भरलं, लग्नाळू मुलामुलींच्या मेजवान्यांचा हंगाम आला, की मंडळी लंडनला येऊन राहायची. तेवढ्यापुरतं लागणारं शहरातलं घर बहुतेक वेळा एका रांगेतलं असायचं. डावी-उजवीकडची भिंत शेजाऱ्याशी सामाईक, रस्त्याच्या बाजूला दोन-तीन खिडक्यांची रुंदी आणि मग वर-वर चढत जाणारे मजले. तळघरात स्वयंपाकघर आणि नोकरचाकर, तळमजल्यावर जेवणाची खोली, पहिल्या मजल्यावर पाहुण्यांसाठी सगळ्यात उंच छताचा दिवाणखाना, त्याच्यावर झोपायच्या खोल्या आणि पोटमाळ्यावर पुन्हा नोकर. प्रत्येक मजल्यावर एक खोली पुढे, एक मागे, बाजूला जिना. बाहेरून पाहिलं तरी ही उतरंड दिसते: पहिल्या मजल्याच्या खिडक्या सगळ्यात उंच आणि वर जावं तसतशा त्या बुटक्या होत जातात. उत्तर लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर, जिथे १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर राहत होते आणि जे महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये विकत घेतलं, तेही याच वंशातलं, पुढच्या शतकातलं.

रस्त्याकडची रुंदी एवढी कमी का? कारण पैसा रुंदीत होता. जमीन सहसा राजाची किंवा एखाद्या सरदाराची. तो ती विकायचा नाही, ठरावीक वर्षांच्या पट्ट्यानं द्यायचा. पट्टा घेणारा तिचे अरुंद तुकडे पाडायचा आणि रांगच्या रांग उभी करून घरं भाड्यानं द्यायचा किंवा उरलेला पट्टा विकून मोकळा व्हायचा. रस्त्यावर जितकी जास्त दारं, तितकी जास्त कमाई. शिवाय पट्टा संपला की जमीन आणि तिच्यावर जे काही उभं असेल ते सगळं मूळ मालकाकडे परत जाणार. मग चार पिढ्या टिकेल असं बांधायची बांधणाऱ्याला काय हौस? पट्टा संपेपर्यंत घर उभं राहिलं म्हणजे झालं.

हे गणित ज्यांना पक्कं कळलं होतं, त्यांतला एक जॉर्ज डाउनिंग. माणूस हुशार, कंजूष आणि पलटी मारण्यात पटाईत. अमेरिकेतल्या हार्वर्ड कॉलेजातून १६४२ मध्ये पदवीधर झालेल्या अगदी पहिल्या तुकडीतला हा विद्यार्थी. पुढे इंग्लंडला परतला आणि राजेशाही हटवून सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलचा हेरप्रमुख झाला. १६६० मध्ये राजेशाही परत आल्यावर तितक्याच तत्परतेनं राजाचा माणूस झाला आणि निष्ठा सिद्ध करण्यासाठी १६६२ मध्ये हॉलंडमध्ये लपलेल्या आपल्याच तीन जुन्या साथीदारांना पकडून दिलं. तिघेही फासावर गेले. त्यांतला एक जॉन ओकी. त्याच्याच पलटणीत डाउनिंग पूर्वी धर्मोपदेशक होता.

पार्लमेंटपासून चालत पाच मिनिटांवरच्या जागेवर डाउनिंगनं क्रॉमवेलच्या काळातच डोळा ठेवला होता. पण त्या जागेचा पट्टा हॅम्पडेन घराण्याकडे होता आणि तो संपेपर्यंत थांबणं भाग होतं. डाउनिंग जवळजवळ तीस वर्षं थांबला. १६८२ मध्ये जागा हाती आली आणि दोन वर्षांत त्यानं तिथे एका बंद गल्लीत घरांची रांग उठवली. जमीन दलदलीची, भुसभुशीत. पाया उथळ. विटा ओबडधोबड, थर वाकडेतिकडे. त्यावर त्यानं काढलेला उपाय मला फार आवडतो: विटांचे सांधे सरळ आणि एकसारखे दिसावेत म्हणून दर्शनी भिंतीवर सांध्यांच्या रेघा चक्क रंगानं ओढल्या! १६८४ मध्ये काम संपलं आणि त्याच वर्षी डाउनिंगही गेला. त्या घरांत तो स्वतः कधी राहिला नाही, यात नवल नाही. पुढे त्यातल्याच एका घरात राहायची वेळ विन्स्टन चर्चिलवर आली, तेव्हा त्यानंही नफेखोर कंत्राटदाराचं हे लेचंपेचं बांधकाम असल्याचं लिहून ठेवलं आहे.

आता मागचं घर. डाउनिंगच्या रांगेच्या उत्तरेला राजवाड्याच्या आवारातली एक ऐसपैस हवेली होती. तिचं तोंड सेंट जेम्स पार्ककडे. एके काळी इथे राजाची कोंबड्यांच्या झुंजींची जागा होती. तिच्या आसपास दरबारातल्या बड्या लोकांचे महाल उभे राहत गेले, त्यातलाच हा एक. १६७७ पासून इथे लेडी लिचफील्ड राहत होती. दुसऱ्या चार्ल्स राजाची ही अनौरस पण लाडकी मुलगी. डाउनिंगची घरं आपल्या बागेच्या पाठीला येऊन चिकटली आणि त्यांच्या खिडक्यांतून आपल्या अंगणात डोकावता येतं, अशी तिनं बापाकडे तक्रार केली. बापानं सल्ला दिला की आपली भिंत वाटेल तेवढी उंच करून घे. पुढे हवेली हॅनोव्हरचा राजदूत बोथमार याला मिळाली. तो तिच्या पडझडीबद्दल कुरकुर करत १७३२ पर्यंत तिथेच राहिला आणि तिथेच वारला.

त्याच वर्षी दुसऱ्या जॉर्ज राजानं ही हवेली आणि तिच्या पाठीमागचं डाउनिंग स्ट्रीटवरचं घर रॉबर्ट वॉलपोलला देऊ केलं. वॉलपोलला आपण ब्रिटनचा पहिला पंतप्रधान म्हणतो, पण ते पद तेव्हा कागदावर नव्हतं. त्याचं अधिकृत पद होतं ‘फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी’, म्हणजे खजिन्याचा प्रमुख. घर वैयक्तिक बक्षीस म्हणून घ्यायला त्यानं नकार दिला. घर पदाला द्या, म्हणाला. मी गेलो की माझ्या जागी येईल तो राहील. हा केवळ त्याग होता असं मला वाटत नाही. नॉरफकमध्ये वॉलपोलचा स्वतःचा हॉटन हॉल नावाचा भव्य वाडा तयार होत होता. मोडकळीला आलेलं सरकारी घर नावावर करून घेतलं असतं, तर दुरुस्तीचा खर्चही गळ्यात पडला असता. पदाचं घर म्हटल्यावर दुरुस्ती सरकारी खर्चानं. त्याचा हेतू काहीही असो, या एका अटीनं घराचं पुढचं सगळं नशीब ठरलं. आजही दारावरच्या पितळी पत्रपेटीवर ‘पंतप्रधान’ असं कोरलेलं नाही. ‘फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी’ असंच आहे.

दोन घरं एक करायचं काम विल्यम केंटकडे आलं. केंट मूळचा चित्रकार. इटलीत दहा वर्षं काढून आलेला, हॉटन हॉलच्या आतली सजावट करणारा आणि तेव्हाच्या इंग्लंडमधला सगळ्यात मागणी असलेला कलावंत. त्याच्यासमोर अडचण अशी: मागे मोठी हवेली, पुढे डाउनिंगचं किरकोळ घर आणि मध्ये रिकामी जागा. शेजारी आणखी एक छोटं घर होतं. त्यात मिस्टर चिकन नावाचे कुणी गृहस्थ राहत होते. नावापलीकडे इतिहासाला त्यांच्याबद्दल फारशी माहिती नाही. त्यांना समजावून दुसरीकडे हलवलं आणि ते घरही यात ओढून घेतलं.

केंटनं मधल्या जागेत दुमजली जोडइमारत उभी केली, उरलेल्या जागेचा चौक केला आणि पुढची घरं मागच्या हवेलीला बोळानं जोडली. हवेली आतून जवळजवळ पूर्ण नव्यानं बांधली. आणि मग त्यानं एक गोष्ट केली, जिच्यामुळे आपल्याला आज सुरुवातीचा प्रश्न पडतो. हवेलीचा मुख्य दरवाजा पार्कच्या बाजूला होता. तिथून पार्लमेंटला जायचं तर वळसा पडायचा. वॉलपोलला लवकर पोचता यावं म्हणून केंटनं पार्ककडचं दार बंद केलं आणि डाउनिंगच्या त्या हलक्या घराचं दार हेच मुख्य दार ठरवलं. हवेलीची पाठ झाली पुढची बाजू आणि तोंड झालं परसदार. राष्ट्राच्या कारभाराचं घर इतक्या साध्या चेहऱ्याचं असण्यामागे इंग्रजांचा विनय वगैरे असल्याचं अधूनमधून वाचायला मिळतं. खरं कारण एका गुटगुटीत राजकारण्याची चालण्याची दगदग वाचवणं हे आहे.

वॉलपोल २२ सप्टेंबर १७३५ रोजी राहायला आला. केंटच्या कामातली जी गोष्ट आजही पाहणाऱ्याला थांबवते, ती म्हणजे जिना. दगडी पायऱ्या, लोखंडी नक्षीचा कठडा, त्यावर महोगनी लाकडाचा हात टेकायचा दांडा. बागेच्या पातळीपासून वरपर्यंत हा जिना भिंतीला धरून वळत जातो आणि त्याच्या खाली ना खांब दिसतो ना तुळई. यातली युक्ती अशी: प्रत्येक पायरीचं एक टोक भिंतीत रोवलेलं असतं आणि दुसरं टोक हवेत. पण ती नुसती भिंतीवर लटकत नाही. तिची पुढची खालची कड आधीच्या पायरीच्या मागच्या कडेवर टेकते. त्यामुळे वजन पायरीवरून पायरीवर सरकत खाली जमिनीपर्यंत पोचतं. भिंतीनं फक्त पायरीला कलंडू द्यायचं नाही. म्हणजे खालची पायरी पक्की, तर सगळा जिना पक्का. आणि खालची पायरी बसली, तर? ते पुढे येईलच. याच जिन्याच्या पिवळ्या भिंतीवर सगळ्या माजी पंतप्रधानांच्या तसबिरी ओळीनं लावल्या आहेत. नवा माजी झाला की त्याचं चित्र सगळ्यात वर लागतं आणि बाकीचे सगळे एकेक जागा खाली सरकतात.

आता पुन्हा रस्त्यावर येऊन दर्शनी भिंत वाचू. इंग्लंडच्या शहरी घराच्या चेहऱ्यावर वास्तुरचनाकारापेक्षा कायद्याचा हात जास्त दिसतो आणि कायद्यामागे आगीची भीती. १६६६ च्या आगीत लंडनचा गाभा राख झाला. १६६७ च्या कायद्यानं त्या भागात लाकडी घरांना बंदी आली आणि वीट किंवा दगड सक्तीचा झाला. १७०७ च्या कायद्यानं छताच्या कडेची बाहेर आलेली लाकडी नक्षीदार पट्टी बंद केली. आग एका घरावरून दुसऱ्यावर याच पट्टीवरून धावायची. तिच्या जागी विटांची भिंतच छताच्या वर कठड्यासारखी उचलायची पद्धत पडली. म्हणून रस्त्यावरून या घरांचं उतरतं छप्पर धड दिसतच नाही. १७०९ च्या कायद्यानं खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या पृष्ठभागापासून चार इंच आत घ्यायला लावली. १७७४ च्या कायद्यानं पुढचं पाऊल टाकून चौकटीचं लाकूड जवळजवळ पूर्ण विटांच्या आड लपवायला लावलं. तेव्हा जुन्या लंडनमध्ये फिरताना घराचं वय ताडायचं असेल, तर खिडकीपाशी जावं. चौकट भिंतीच्या रांगेत असेल तर घर जुनं. आत गेलेली पण जाडजूड चौकट दिसत असेल तर मधल्या काळातलं. आणि फक्त बारीक पांढरी पट्टी दिसत असेल तर १७७४ नंतरचं. पूर्ण खात्रीचा नियम नाही हा. लोकांनी नंतर खिडक्या बदललेल्या असतात, आणि कायदा झाला म्हणून सगळ्यांनी दुसऱ्या दिवसापासून पाळला असंही नाही.

खिडक्यांवरून आणखी एक लाडकी दंतकथा. बुजवलेली खिडकी दिसली की गाइड हमखास खिडकीकराची गोष्ट सांगतो. असा कर होता हे खरं. १६९६ ते १८५१, तब्बल दीडशे वर्षं. लोक तो वाचवायला खिडक्या बुजवत हेही खरं. पण कित्येक बुजलेल्या खिडक्या पहिल्यापासून तशाच असतात. आत धुराडं किंवा जिना आल्यामुळे तिथे खिडकी करता येत नसे आणि बाहेरून मात्र दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्या असत. मग खिडकीचा नुसता आकार काढायचा.

दहा नंबरचा आजचा चेहरा डाउनिंगचा नाही, केंटचाही नाही. १७६६ पासून केंटन काउझ या वास्तुरचनाकारानं ती बाजू नव्यानं बांधली. प्रसिद्ध दाराची मांडणी त्याची: ओकचं सहा फळ्यांचं दार, वरची अर्धगोल काच, दोन्ही बाजूंचं लोखंडी काम, कमानीवर टांगलेला दिवा आणि आत शिरताच दिसणारी काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची संगमरवरी फरशी. दारावरच्या १० मधलं शून्य किंचित तिरकं आहे. पूर्वी कधी तरी ते नीट न बसवल्यामुळे तिरकं राहिलं असं सांगतात आणि नवीन बसवतानाही आता मुद्दाम तिरकंच बसवतात.

वॉलपोलच्या अटीची दुसरी बाजू इथून पुढे दिसायला लागते. आपल्याकडच्या सरकारी क्वार्टरचं जे होतं तेच या घराचं झालं: राहणारा म्हणतो, मी दोन-चार वर्षांचा पाहुणा, मी कशाला खर्च करू, आणि सरकार म्हणतं, गळत असेल तेव्हा बघू. अनेक पंतप्रधान लंडनमधल्या स्वतःच्या मोठ्या घरांतच राहिले आणि दहा नंबर कुणा मंत्र्याला किंवा नातलगाला देऊन मोकळे झाले. डाउनिंगचा उथळ पाया हळूहळू खचत होता, फरश्या कलत होत्या, धुराड्यांना तडे जात होते. १७८० च्या दशकात रॉबर्ट टेलरनं मोठी दुरुस्ती केली. १७७४ चा तो कायदा लिहिण्यातही टेलरचा हात होता. पंतप्रधान धाकटा विल्यम पिट या घरात दोन्ही कारकिर्दी मिळून वीस वर्षांच्या जवळपास राहिला. इतका काळ राहूनही त्याचा शेरा होता की हे घर अवाढव्य आणि गैरसोयीचं आहे. त्याच्याच काळात, १७९६ मध्ये, मंत्रिमंडळाच्या खोलीची एक भिंत पाडून शेजारची खोली तिच्यात घेतली आणि भिंतीच्या जागी छताला आधार म्हणून खांबांच्या जोड्या उभ्या केल्या. ग्रीक-रोमन धाटणीचे, पानांच्या नक्षीचे देखणे खांब. त्यांना लक्षात ठेवा.

नंतरची लक्षात राहणारी भर १८२५-२६ मधली. जॉन सोन हा बँक ऑफ इंग्लंडचा वास्तुरचनाकार. त्यानं इथे मोठं भोजनगृह केलं. ओकच्या फळ्यांनी मढवलेल्या भिंती आणि वर कमानदार छत. त्या छतासाठी त्यानं वरच्या मजल्यावरची जागाच खाल्ली. बाकी व्हिक्टोरियन काळ या घराला फारसा मानवला नाही. आजूबाजूला दारूचे गुत्ते आणि त्याहून वाईट धंदे आले, डाउनिंगच्या रांगेतली घरं एकेक करून पाडली गेली, समोर परराष्ट्र खात्याची प्रचंड इमारत उभी राहिली. दहा नंबरमध्ये पंतप्रधान डिझरेलीच्या वेळी गरम पाण्याची न्हाणी आली, १८९४ मध्ये वीज आणि टेलिफोन आले, १९३७ मध्ये घर गरम ठेवायची मध्यवर्ती सोय झाली. त्याच सुमाराला चेंबरलेन पती-पत्नींनी पंतप्रधानांचा संसार वर, पूर्वीच्या नोकरांच्या पोटमाळ्यावर हलवला. देश चालवणारा माणूस घरच्या मोलकरणींच्या खोल्यांत राहायला गेला.

१४ ऑक्टोबर १९४० च्या रात्री शेजारच्या ट्रेझरीच्या आवारात बॉम्ब पडला. चर्चिल खालच्या बागेच्या मजल्यावर जेवत होता. स्फोटाच्या थोडाच वेळ आधी त्यानं स्वयंपाकघरातल्या नोकरांना आसऱ्याच्या जागी पाठवलं म्हणून ते वाचले. स्वयंपाकघर उद्ध्वस्त झालं. ट्रेझरीत पहाऱ्यावर असलेले तीन कर्मचारी मात्र गेले. आधीच खिळखिळं झालेलं घर आणखी हललं.

१९५० च्या दशकात वरच्या मजल्यावर एका वेळी किती माणसांनी जायचं यावर मर्यादा घालावी लागली, भिंती बसतील या भीतीनं. केंटचा जिना कित्येक इंच खाली बसला होता, पायऱ्या वाकल्या होत्या, कठडा रेषेबाहेर गेला होता. पाडून नवं बांधा, असाही सूर निघाला. १९५८ मध्ये अर्ल ऑफ क्रॉफर्डच्या समितीनं सांगितलं की दहा आणि शेजारचा अकरा नंबर जपायचे. काम रेमंड एरिथकडे आलं. सगळीकडे काच-काँक्रीटचा जमाना असताना हा गृहस्थ जुन्याच शैलीत घरं बांधायचा. १९६० ते ६३ काम चाललं. पंतप्रधान मॅकमिलन तोवर अ‍ॅडमिरल्टी हाउसमध्ये राहायला गेले.

उकरल्यावर काय काय निघालं! पायाखालच्या अजस्र लाकडी तुळया कुजून गेल्या होत्या. मंत्रिमंडळाच्या खोलीतले ते देखणे खांब आठवतात? त्यांच्या आतल्या लाकडाचा भुसा झाला होता. दीडशे वर्षं ज्या खांबांजवळ बसून युद्धं पुकारली गेली, ते जवळपास रंगाच्या थरावर उभे होते. दारं, चौकटी, भिंतीकडेच्या पट्ट्या यांत लाकूड कुजवणारी बुरशी पसरली होती. खाली आणखी खोदल्यावर रोमन आणि सॅक्सन काळातल्या खुणा सापडल्या. पाया काँक्रीटचा केला, खोल्या मोजून-मापून पुन्हा जशाच्या तशा उभ्या केल्या. काम संपलं तेव्हा इमारतीतलं साठ टक्के सामान नवं होतं आणि उरलेलंही डागडुजी केलेलं किंवा हुबेहूब नक्कल केलेलं.

आणि भिंत? काजळी साफ केल्यावर विटा पिवळ्या निघाल्या. लंडनची साधी वीट पिवळसरच असते. तिच्या मातीत खडूसारखी चुनखडी आणि कोळशाची राख मिसळायचे, तो त्याचा रंग. दोन शतकं लाखो चुलींत जळलेल्या दगडी कोळशाच्या धुरानं ती काळी झाली होती. फोटोग्राफीचा शोध लागला तेव्हाही ती काळीच होती, त्यामुळे तिचा खरा रंग आठवणारा कुणी जिवंत असणं शक्यच नव्हतं. आता पिवळं दहा नंबर कोण ओळखणार? म्हणून स्वच्छ केलेल्या विटांना काळा रंग दिला. सांध्यांच्या बारीक फिकट रेघा तेवढ्या रंगवल्या नाहीत, त्यामुळे त्या उठून दिसतात. या रेघा काढायची रीतही जुनीच. ओबडधोबड विटांमधले रुंद सांधे आधी विटेच्याच रंगाच्या मसाल्यानं भरायचे आणि त्यावर चुन्याची सरळ, नाजूक रेघ बसवायची, की लांबून काम एकदम सफाईदार दिसतं. डाउनिंगनं रंगानं जे साधलं, ते इथे चुन्यानं. खोटेपणा म्हणायचा तर तो १६८४ पासून या भिंतीवर आहे, फक्त हत्यारं बदलली.

एरिथ स्वतः कामावर नाराज होता. सरकारी खात्यानं जागोजागी काटकसर करायला लावली आणि पैसा वाया गेला, असं त्याचं म्हणणं. त्याचं म्हणणं लवकरच खरं ठरलं. काही वर्षांतच फुटका नळ आणि कमी पडलेलं जलरोधक काम यांमुळे बुरशी परत आली आणि १९६० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा खोलाखोल करावी लागली. सरकारी क्वार्टरच शेवटी.

एरिथचा शिष्य क्विनलन टेरी यानं १९८० च्या दशकात वरच्या मोठ्या दिवाणखान्यांची छतं आणि दारं नव्यानं सजवली. तेव्हा मार्गारेट थॅचर पंतप्रधान होत्या आणि थॅचर म्हणजे गवतानं घर शाकारणारा. एका दाराच्या वरच्या नक्षीत टेरीनं पाठीवर गवत घेतलेला इवलासा शाकारणारा बसवून टाकला. तो अजून तिथेच आहे.

७ फेब्रुवारी १९९१ रोजी आयआरए या आयर्लंडमधल्या सशस्त्र संघटनेनं जवळच्या व्हाइटहॉल रस्त्यावर उभ्या केलेल्या गाडीतून या घरावर मॉर्टर डागले. एक बागेत फुटला. आत जॉन मेजर आखाती युद्धावरची बैठक घेत होते. कुणी दगावलं नाही. त्यानंतर काउझचं ओकचं दार काढून स्फोट सोसणारं पोलादी दार बसवलं, तंतोतंत तसंच दिसणारं. त्याला बाहेरून उघडायची सोय नाही. आत कायम कुणी तरी असतं. जुनं ओकचं दार जवळच्या चर्चिल वॉर रूम्स संग्रहालयात ठेवलं आहे, ते कुणालाही हातभर अंतरावरून पाहता येतं.

डाउनिंग स्ट्रीटला १९८९ पासून लोखंडी फाटक आहे, त्यामुळे लंडनला गेलात तरी फाटकाच्या गजांतून काळ्या भिंतीची तिरकी झलक तेवढी मिळेल. तिथे गर्दीत ताटकळण्यापेक्षा मागे हॉर्स गार्ड्सच्या मैदानावर जावं. तिथे बागेच्या उंच भिंतीवरून जी रुंद, भरभक्कम इमारत डोकावते, तीच ती लेडी लिचफील्डची हवेली, केंटनं नव्यानं बांधलेली. मंत्रिमंडळाच्या खोलीच्या खिडक्या याच बाजूला उघडतात. बहुतेक पर्यटक घोडेस्वारांचे फोटो काढण्यात गुंतलेले असल्यामुळे तिच्याकडे पाहायला निवांत जागा मिळते.